जलरंगातली सावली मळकट का होते? (वाडा, घाट आणि सकाळचं ऊन)

ओलाकागद

नमस्कार मंडळी. वाई-मेणवलीच्या बाजूला जागेवर बसून निसर्गचित्रणाचा सराव चालू आहे. विषय नेहमीचेच: काळ्या दगडाचा घाट, पिवळसर गिलाव्याच्या भिंती, लाकडी खांबांची ओसरी. पारदर्शक जलरंग, कागद पाव इम्पीरियल (११ × १५ इंच), ३०० जीएसएम कोल्ड प्रेस (जाड, किंचित खरखरीत).

उजेडातला भाग बरा उतरतो. सगळं अडतं ते सावलीपाशी.

१) पिवळ्या भिंतीवर छज्जाची सावली टाकली की ती हिरवट किंवा शेणासारखी दिसते. काळा टाळून पेन्स ग्रे वापरला, तरी तेच.
२) रेखाटन होईपर्यंत सावल्या सरकतात. शेवटी खांबाची सावली एका वेळेची आणि छज्जाची दुसऱ्याच वेळेची होऊन बसते.
३) फोटोवरून पूर्ण केलं तर सावलीत भोकं पडल्यासारखी दिसतात.
४) सावलीची कड कुठे धारदार ठेवायची आणि कुठे विरघळवायची, याला काही नियम आहे की नुसता अंदाज?

चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटला शिकवलेलं छाया-पडछाया (वस्तूची अंधारी बाजू आणि तिची बाहेर पडलेली सावली) माहीत आहे, पण ते टेबलावरच्या घनापुरतं. उघड्यावरचं सांगा.

---

अनवट

दुसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्याला सरळ हिशेब आहे. रंगाचं गेरूकाव सांगतीलच.

सूर्य तासाला १५ अंश सरकतो. म्हणजे दोन तासांच्या चित्रात ३० अंश. पण सावलीची लांबी त्या प्रमाणात बदलत नाही, सूर्य खाली असताना फार झपाट्याने बदलते. वाईचा अक्षांश जवळजवळ १८. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तिथे पावणेनऊच्या आसपास सूर्य २० अंशांवर असतो आणि सावली उंचीच्या पावणेतीन पट पडते. साडेनऊच्या सुमारास तो ३० अंशांवर येतो, सावली पावणेदोन पट. तीन मीटरच्या खांबाची सावली तासाभराच्या आत आठ मीटरवरून पाच मीटरवर येते! तुमचं रेखाटन चालू असताना घाटाच्या दोन-तीन पायऱ्या उन्हात निघून आलेल्या असतात.

डिसेंबरात साधारण साडेदहा ते अडीच या वेळात लांबी त्यामानाने संथ बदलते. ऐन दुपारीसुद्धा (तिथली खरी दुपार घड्याळात साडेबारानंतर, कारण आपलं घड्याळ ८२.५ रेखांशाचं आहे) सूर्य ४८-४९ अंशांच्या वर जात नाही. म्हणून हिवाळ्यात दुपारीही आकार चांगले मिळतात. एप्रिलमध्ये हे गणित चालत नाही. साडेनऊलाच सावली उंचीइतकी होते आणि अकरानंतर सगळं पायाखाली गोळा होतं. एप्रिल-मेमध्ये साडेसात ते नऊ किंवा साडेचारनंतर बसा. मधल्या वेळात चित्र सपाटच होणार, त्यात हाताचा दोष नाही.

जागेवर काम असं लावा:

बसल्या बसल्या पहिल्या दहा मिनिटांत फक्त सावल्यांच्या कडा आखायच्या. भिंत, खिडक्या, कौलं नंतर. ती कुठे पळून जात नाहीत. कागदाच्या कोपऱ्यात वेळ लिहा आणि उन्हाच्या दिशेचा बाण काढा. त्यानंतर समोर काहीही बदललं तरी कागदावरची वेळ बदलायची नाही. बहुतेकांचं चित्र इथेच फसतं. तासाभराने समोर नवी, जास्त सुंदर सावली पडलेली असते आणि हात शिवशिवतो.

संध्याकाळी उलटं करा. सावल्या लांबत असतात, म्हणून त्या अर्ध्या तासाने जिथे असतील तिथे आखून ठेवा. सावली आखलेल्या रेषेपाशी पोचते तेव्हा तुमचा वॉश (पातळ रंगाचा सलग थर) टाकायची वेळ झालेली असते.

एक तपासणी: उन्हाच्या सगळ्या पडछाया प्रत्यक्षात एकमेकींना समांतर असतात. सपाट जमिनीवरच्या उभ्या वस्तूंच्या सावल्या चित्रात लांबवल्या तर क्षितिजरेषेवर एकाच बिंदूत मिळाल्या पाहिजेत. सूर्य समोर असेल तर तो बिंदू सूर्याच्या बरोबर खाली येतो. सूर्य अगदी बाजूला असेल तर सावल्या कागदाच्या तळकडेला समांतर. दोन खांबांच्या सावल्या दोन ठिकाणी जात असतील तर दोन वेळा मिसळल्या आहेत.

आता कडा. सूर्य बिंदू नाही, आकाशात तो अर्ध्या अंशाची तबकडी आहे. त्यामुळे सावलीच्या कडेला एक अर्धवट पट्टा असतो आणि त्याची रुंदी म्हणजे कड पाडणाऱ्या वस्तूपासूनचं अंतर भागिले साधारण १०८. कड १० सेंमीवर असेल तर पट्टा एक मिलिमीटर, म्हणजे धार. एक मीटरवर ९ मिमी. तीन मीटरच्या खांबाचं टोक, सूर्य ३० अंशांवर असताना, आपल्या सावलीपासून सहा मीटर दूर असतं. तिथे पट्टा साडेपाच सेंमीचा, आणि जमिनीवर तिरपा पसरून ११ सेंमीचा होतो. तेव्हा खांबाच्या बुडाशी सावली कोरल्यासारखी आणि टोकाशी पुसट. एक सेंमी जाडीच्या विजेच्या तारेला तर साधारण एक मीटरपलीकडे पूर्ण काळी सावलीच उरत नाही. रस्त्यावर तारांच्या सावल्या सुरीने कापल्यासारख्या रंगवलेल्या दिसल्या की त्या मनाने टाकल्यात हे ओळखावं.

झाडाखालचे उन्हाचे ठिपके गोल का, याचंही कारण हेच. पानांमधली फट कुठल्याही आकाराची असो, ती छोटी आणि उंच असली की खाली सूर्याचं बिंब उमटतं. कौलातून तीन मीटर खाली जमिनीवर पडणारा कवडसा, ऊन डोक्यावर असताना, पावणेतीन सेंमीचा असतो आणि दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीइतका सरकतो. झाडाखाली पानांच्या आकाराचे उजेड काढू नका. लंबगोल काढा, जमीन जितकी तिरपी दिसते तितके चपटे, आणि एकमेकांवर चढलेले.

---

गेरूकाव

अनवट यांच्या पोस्टनंतर आकाराबद्दल काही बोलायला उरलं नाही. रंगाकडे येतो.

पिवळ्या भिंतीवर सावली हिरवी होते ती पेन्स ग्रेमुळेच. बहुतेक कंपन्यांचा पेन्स ग्रे म्हणजे निळा अधिक काळा. खाली यलो ऑकर, वर निळा, दोन्ही पारदर्शक. हिरवा नाही होणार तर काय होणार? पिवळ्याला दाबायचं असेल तर जांभळ्याकडे झुकलेली सावली हवी. अल्ट्रामरीन दोन भाग, क्विनाक्रिडोन रोझ एक भाग, आणि भडकपणा मोडायला ब्रशच्या शेंड्याइतका बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी). रोझऐवजी पुष्कळजण अलिझरिन क्रिमसन घेतात. रंगाला सुंदर आहे, पण जुना अलिझरिन उजेडात उडतो, आणि पातळ वॉशमध्ये तर लवकरच. ट्यूबवर पिगमेंटचा (रंगद्रव्याचा) क्रमांक बघा: पीआर ८३ असेल तर टाळा, पीव्ही १९ असेल तर निर्धास्त वापरा.

काळ्या दगडासाठी जांभळा नको. तिथे अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना, बस. निळा जास्त घातला तर थंड राखाडी, सिएना जास्त घातला तर ऊबदार. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि दगडाचा खरखरीतपणा फुकट मिळतो.

शेणकट होण्याची कारणं, जशी जास्त आढळतात त्या क्रमाने:

खालचा थर ओला असताना वर सावली टाकणं. वरून वाळलेला दिसतो, आतून नसतो. बोटाची मागची बाजू कागदाला लावा. गार लागला तर अजून पाणी आहे. एप्रिलमध्ये तीन-चार मिनिटं पुरतात, पावसाळ्यात अर्धा तासही कमी पडतो.

एकाच जागी तीन-चारदा ब्रश फिरवणं. दुसऱ्या फटकाऱ्याला खालचा पिवळा सुटायला लागतो आणि सावलीत मिसळतो. सावली एका दमात टाका आणि हात काढून घ्या.

अपारदर्शक रंग. कॅडमियम यलो, नेपल्स यलो, आणि मिश्रणात चुकून गेलेला पांढरा. उजेडाच्या थराला हे चालतील एक वेळ, सावलीत बिलकूल नाही. सावलीत खालचा कागद जाणवला पाहिजे.

चार-पाच रंगांची खिचडी. सावलीत तीनच्या वर पिगमेंट नको. ट्यूबमध्येच दोन-तीन पिगमेंट मिसळलेली असू शकतात, तीही मोजा.

आता प्रत्यक्ष कृती. उजेडाचा फिकट वॉश सगळ्या भिंतीवर, सावली पडणार त्या भागावरसुद्धा. पूर्ण वाळू द्या. पाटाखाली दोन बोटं जाडीचं काहीतरी ठेवून उतार द्या. सावलीचं मिश्रण आधीच भरपूर करून ठेवा, तुमच्या कागदाला दोन चहाचे चमचे तरी. अर्ध्यात संपलं की दुसरं मिश्रण कधीच जुळत नाही आणि जोड दिसतो. त्याच कागदाच्या कापलेल्या पट्टीवर लावून वाळवून बघा, कारण वाळल्यावर रंग निदान एक पायरी उतरतो. ओला असताना ‘जरा गडद झाला’ वाटला की तो बरोबर आहे.

बारा नंबरचा गोल ब्रश घ्या, वरून सुरू करा, आणि छज्जाची सावली, भिंतीची अंधारी बाजू, जमिनीवरची पडछाया हे सगळं एकच सलग आकार म्हणून खाली ओढत न्या. वस्तूंच्या सीमा विसरा. तळाशी साठलेला थेंब पुढे ढकलत राहायचं आणि शेवटी कोरड्या केलेल्या ब्रशने टिपून घ्यायचा. टिपला नाही तर तो मागे चढतो आणि फुलकोबीसारखा डाग पडतो.

वॉश ओला असतानाच त्यात रंग बदला. आडव्या जमिनीवरची सावली वरच्या आकाशाकडून निळा घेते, म्हणून तिथे कोबाल्टचा थेंब. छज्जाच्या खालच्या अंगाला आकाश दिसतच नाही. त्याला उन्हाने तापलेली जमीन उजेड पुरवते, म्हणून तिथे सावली उलट फिकट आणि ऊबदार. बर्न्ट सिएना, थोडा ऑकर. बहुतेकजण छज्जाखाली सगळ्यात गडद टाकतात कारण ‘खालची बाजू’ डोक्यात असते. भरउन्हात, समोर मोकळं अंगण असेल तर तिथे सगळ्यात जास्त परावर्तित उजेड असतो. सगळ्यात गडद जागा म्हणजे दोन वस्तू टेकतात ती फट: खांब आणि तळखडा (खांबाखालचा दगड), दार आणि चौकट. तेवढं मात्र शेवटी, कोरड्यावर.

कड विरवायची असेल तर सावलीचं टोक येण्याआधी कागदाचा तेवढा पट्टा स्वच्छ पाण्याने हलका ओला करा आणि रंग त्यात पोचू द्या. नंतर पुसून कड मऊ करायला गेलात की कागद चरबटतो.

फोटोचं: स्वच्छ उन्हात सावलीतल्या जागेला उन्हातल्या जागेच्या साधारण पाचवा ते दहावा हिस्सा उजेड मिळतो. त्यात गडद दार म्हटलं की फरक शेकडो पटींवर जातो. पांढरा कागद आणि सगळ्यात दाट जलरंग यांच्यातला फरक वीसेक पट. डोळा सावलीकडे वळला की जुळवून घेतो, म्हणून तुम्हाला जागेवर दारामागचा कोनाडाही दिसत असतो. मोबाइल उन्हाला धरून एक्स्पोजर लावतो आणि कोनाडा गिळून टाकतो. दोन फोटो घ्या, एकदा उन्हावर बोट दाबून आणि एकदा सावलीवर. आकार पहिल्यावरून, सावलीतले रंग दुसऱ्यावरून. दोन्हीपेक्षा जागेवर पेन्सिलने लिहिलेले टोनचे आकडे जास्त खरे. एक ते नऊची (फिकटापासून गडदाकडे) पट्टी धरली तर पिवळी भिंत उन्हात २, सावलीत ५. काळा दगड उन्हात ६, सावलीत ८. भिंतीची सावली उन्हातल्या दगडापेक्षा फिकट असते, हे एकदा आकड्यांत उतरलं की अर्धी लढाई संपते.

---

विटकर

छज्जाबद्दल वास्तुरचनेच्या बाजूने थोडं, म्हणजे चित्रात सावली किती खाली उतरवायची ते कळेल. दक्षिणेच्या भिंतीवर दुपारी: सावलीची खोली = छज्जाची भिंतीबाहेरची लांबी × सूर्याच्या उंचीच्या कोनाचा टॅन्जंट. डिसेंबरात ६० सेंमीचा छज्जा ६८ सेंमी सावली देतो. २१ मार्चच्या सुमारास तोच छज्जा पावणेदोन मीटरहून जास्त, म्हणजे अख्खी खिडकी झाकतो. डिसेंबरात सकाळी साडेनऊला तीच सावली ५० सेंमी खाली आणि सुमारे ६५ सेंमी पश्चिमेकडे सरकलेली असते. त्यामुळे छज्जाच्या पूर्वेकडच्या टोकाखाली उन्हाचा तिरपा तुकडा राहतो. चित्रात तो हमखास गाळला जातो.

पश्चिमेला छज्जाचा उपयोग नाही. सूर्य ३० अंशांवर समोर आला की ६० सेंमीला फक्त ३५ सेंमी सावली. म्हणून तिकडे बांबूची चिकं, तट्ट्या किंवा सरळ झाड. ओसरीची खोली आणि चौकाची उंची याच हिशेबाने चालते: हिवाळ्याचं ऊन जोत्यावर यावं, उन्हाळ्याचं चौकातच अडावं.

---

ओलाकागद

सगळ्यांचे मनापासून आभार. पीव्ही १९ आणि दहा मिनिटांचा नियम लगेच अमलात आणतो. एक जोडप्रश्न: घरात व्यक्तिचित्रासाठी उत्तरेची खिडकी घ्यावी म्हणतात. आमच्या उत्तरेच्या खिडकीत जूनमध्ये चक्क ऊन येतं. मग काय करायचं? आणि समईच्या उजेडात काही करून पाहायचं असेल तर?

---

ठाणेकरीण

उत्तरेच्या खिडकीचा नियम युरोपातल्या अक्षांशांवर बहुतांशी बरोबर आहे, तिथे दुपारचा सूर्य कधीच उत्तरेला जात नाही. आपण कर्कवृत्ताच्या खाली, त्यामुळे सूर्य वर्षातले काही आठवडे आपल्या उत्तरेला जातो. पुण्यात १३-१४ मेच्या आसपास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस शून्य सावलीचा दिवस (दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर) येतो. या दोन तारखांच्या मध्ये दुपारचा सूर्यही उत्तरेकडे असतो. जूनमध्ये तर उगवतो तोच पूर्वेपासून २५ अंश उत्तरेला, म्हणून सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन आत येणारच. मे ते जुलै खिडकीला पांढरा सुती पडदा किंवा ट्रेसिंग पेपर लावा. बाकीचं बहुतेक वर्ष उत्तर उत्तमच.

खिडकीचा खालचा भाग जमिनीपासून चार फुटांपर्यंत झाका. उजेड वरून ४५ अंशांनी आला की नाकाची सावली ओठाच्या कोपऱ्याकडे पडते आणि चेहरा उभा राहतो. खालपासून उघडी खिडकी हनुवटीखाली उजेड टाकते आणि घडण मोडते. बसणारी व्यक्ती खिडकीपासून एक ते दीड मीटरवर. अगदी जवळ बसवलं तर थोडं हललं तरी उजेड बदलतो. सावलीची बाजू फार काळी वाटली तर त्या बाजूला मीटरभर अंतरावर दोरीवर पांढरी चादर टाका. समोरची भिंत हिरवी किंवा गुलाबी असेल तर सावलीच्या गालावर तोच रंग येतो. अशा वेळी चादर हवीच.

उजव्या हाताने काम करणाऱ्याला कागदावर उजेड डावीकडून हवा. रात्री दिवा लावायचाच तर ५००० केल्व्हिनच्या आसपासचा (म्हणजे पांढऱ्या उजेडाचा), सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वरचा. पिवळ्या दिव्याखाली पिवळा रंग दिसतच नाही, म्हणून तो जास्त पडतो आणि सकाळी चित्राला कावीळ झालेली असते.

समईसाठी उन्हाचे नियम सोडा. उजेड जवळ आहे, त्यामुळे सावल्या समांतर नसतात. समईच्या बुडापासून किरणांसारख्या फुटतात. जमिनीवर सावलीची दिशा समईच्या बुडातून, आणि तिचा शेवट ज्योतीतून वस्तूच्या माथ्यावरून काढलेल्या रेषेवर. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथा हिस्सा, म्हणून टोन फार लवकर उतरतो. एका फुटावरचा हात आणि दोन फुटांवरचा चेहरा यांत मोठा फरक हवा. अनेक वाती पेटवल्या तर सावल्या एकमेकींवर चढून कडा विरतात. अभ्यासाला एकच वात ठेवा.

सावळाराम हळदणकरांचं दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. ते राजा रविवर्म्याचं समजणारे अजून भेटतात. ते जलरंगात आहे हे लक्षात घेऊन बघा. ज्योत हाताआड झाकली आहे, बोटांच्या कडा लालसर उजळतात कारण रक्तामांसातून लाल उजेडच आरपार येतो, आणि बाकी सगळं हळूहळू अंधारात नेलं आहे. जलरंगात सगळ्यात तेजस्वी जागा म्हणजे कोरा कागद. म्हणून अशा चित्रात तो आधी राखायचा: ज्योत आणि तिच्या लगतची कड कोरी, भोवती फिकट पिवळा ओला वॉश, मग नारिंगी, मग बर्न्ट सिएना, शेवटी निळा-तपकिरी अंधार. प्रत्येक थर आधीच्या थरापेक्षा थोडा बाहेर थांबवा. थेट गडदाकडे उडी मारली तर ज्योत कागदावर चिकटवलेल्या टिकलीसारखी दिसते.

---

गेरूकाव

एक राहिलं. कागद स्वतः उन्हात ठेवून रंगवू नका. डोळे दिपतात, सगळं गडद टाकलं जातं आणि घरी आणल्यावर चित्र जड वाटतं. छत्री लावाल ती पांढरी, राखाडी किंवा काळी. लाल-निळ्या छत्रीखाली मिसळलेला प्रत्येक रंग फसवतो.

आणि घाट ओला असेल तर प्रतिबिंब आणि पडछाया यांची गल्लत करू नका. प्रतिबिंब नेहमी वस्तूच्या सरळ खाली, तुमच्याकडे येतं. पडछाया सूर्याच्या विरुद्ध दिशेला जाते. ढगाळ दिवशी पडछाया नसतेच, फक्त प्रतिबिंब असतं आणि पायऱ्यांचे वरचे भाग उजळ, उभे भाग गडद. त्या दिवशी उजेड फारसा हलत नाही, निवांत दोन-तीन तास बसता येतं. फक्त कागद वाळायची वाट बघायची तयारी ठेवा, किंवा दोन चित्रं आलटून पालटून चालू ठेवा.